निरीक्षक न कळवता येतो तेव्हा

नागपूरहून अमरावतीकडे निघालेला ट्रक वाडी नाक्यावर आला, की चालकाचा हात डॅशबोर्डवरच्या प्लॅस्टिकच्या फायलीकडे जातो. आरसी, फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी. गोदामांच्या आणि ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या या गावात आरटीओच्या भरारी पथकाची गाडी कुठे उभी असेल याचा अंदाज सगळ्यांना असतो, खात्री कोणालाच नसते. इथून शहराकडे थोडे पुढे गेले की वायुसेनानगर लागते. भारतीय हवाई दलाच्या मेन्टेनन्स कमांडचे मुख्यालय तिथे आहे. शहराच्या दक्षिणेला वर्धा रस्त्यावर सोनेगावचा विमानतळ आहे. तिथून लहान विमान उडवणाऱ्या वैमानिकालाही ट्रकचालकासारखीच एक फाईल सोबत बाळगावी लागते, आणि त्यालाही कोणत्याही दिवशी, कसलीही पूर्वसूचना न देता थांबवता येते. मात्र ट्रक बिघडला तर रस्त्याच्या कडेला उभा राहतो. विमानाचा दोष जमिनीवरच सापडला पाहिजे, उड्डाणाच्या आधी.

वैमानिक मंडळी या तपासणीला ‘रॅम्प चेक’ म्हणतात. विमाने उभी करण्याची सिमेंटची मोकळी जागा म्हणजे रॅम्प किंवा एप्रन. तिथेच, विमानाच्या पंखाखाली उभे राहून ही तपासणी होते. भारतात तिचा मुख्य अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा. या अधिकाराची मुळे जुनी आहेत. 1934 चा विमान कायदा आणि त्याखालचे 1937 चे विमान नियम यांनी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला विमानतळात, हँगरात आणि प्रत्यक्ष विमानात शिरून पाहणी करण्याचा हक्क दिला. 2020 च्या दुरुस्तीने डीजीसीएला वैधानिक दर्जा मिळाला आणि दंडाची कमाल मर्यादा 10 लाखांवरून 1 कोटी रुपयांवर गेली. पुढे 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम, 2024 हा नवा कायदा लागू झाला. थोडक्यात, एप्रनवर चालत आलेल्या निरीक्षकाला वैमानिक ‘नंतर या’ म्हणू शकत नाही.

निरीक्षक आधी काय मागतो? नोंदणी प्रमाणपत्र. मग उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र आणि त्याच्या ताज्या पुनर्पडताळणीचा कागद. विमा. विमानातल्या रेडिओचा परवाना. जर्नी लॉगबुक, विमानाचे फ्लाइट मॅन्युअल, वजन आणि तोल यांचा तक्ता. वैमानिकाचा परवाना आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र. फेब्रुवारी 2025 पासून परवाना मोबाइलवर इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही मिळू लागला; असे करणारा भारत चीननंतरचा दुसरा देश. त्यामुळे परवाना घरी राहिल्याची सबब संपली, पण बाकीची फाईल विमानातच लागते.

कागद पाहून झाले की यंत्राकडे वळायचे, आणि तपासणीचा खरा कस इथे लागतो. अनुभवी निरीक्षक विमानाभोवती एक पूर्ण फेरी मारतो. टायरची नक्षी किती उरली, ब्रेकच्या तबकडीजवळ तेलाचा ओघळ आहे का, प्रोपेलरच्या कडेला दगड लागून खाच पडली आहे का, पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांच्या बिजागऱ्या सैल आहेत का, अग्निशामकाची मुदत संपली का. मग तो विद्यार्थी वैमानिकाला पंखाखालच्या टाकीतून थोडे इंधन पारदर्शक कपात काढायला सांगतो. सेसना 152 सारख्या पिस्टन इंजिनाच्या विमानात वापरले जाणारे एव्हगॅस हे पेट्रोल मुद्दाम निळसर रंगवलेले असते. रंग फिका दिसला तर भेसळीची शंका घ्यायची. तळाशी रंगहीन थेंब जमला असेल तर ते पाणी. पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते खाली बसते, आणि इंजिनात गेले तर टेकऑफच्या ऐन भरात इंजिन गुदमरते. विद्यार्थी हे रोज करतो की फक्त आज, हे त्याच्या हाताच्या सवयीवरून पाच मिनिटांत कळते. अशा तपासणीत विद्यार्थ्यालाही शिकायला मिळते, म्हणून तिची भीती बाळगण्याचे कारण नाही.

वजन आणि तोल यांचा तक्ता अनेकांना उपचार वाटतो. नागपुरात तो उपचार नाही. सोनेगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून 1 हजार फुटांच्या थोडी वर आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने ते जणू 5 हजार फुटांवरच्या डोंगरावरून उडत असते. इंजिनाला प्राणवायू कमी, प्रोपेलरला पकड कमी, पंखांना उचल कमी. जानेवारीत दोन माणसे आणि भरलेली टाकी घेऊन सहज चढणारे प्रशिक्षण विमान मेच्या दुपारी तेवढ्याच भाराने रडतखडत वर जाते. विदर्भातल्या उन्हाळ्यात निरीक्षकाने त्या दिवशीच्या तापमानाचे गणित विचारले आणि वैमानिकाला ते सांगता आले नाही, तर ती चूक टायरच्या झिजेइतकीच गंभीर मानायला हवी. छापील तक्ता फाईलमध्ये आहे एवढ्यावर समाधान मानणारा निरीक्षक अर्धेच काम करून जातो.

नागपूरला विमानांचे वेड आजचे नाही. सोनेगावचा तळ पहिल्या महायुद्धाच्या काळातला. 1949 पासून 1973 पर्यंत रात्रीच्या हवाई टपालाचा जोड इथे होता: दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांची विमाने मध्यरात्री नागपुरात उतरत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटे ती परत फिरत. याच सेवेतले डकोटा विमान 12 डिसेंबर 1953 च्या पहाटे नागपुरातून उडाल्यावर कोसळले. विमानातल्या 14 जणांपैकी फक्त वैमानिक वाचला. कामगार नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री हेही त्यात गेले. हवाई नियमांच्या पुस्तकातल्या बहुतेक ओळींमागे अशी एखादी पहाट असते.

आज विदर्भातली हलकी विमाने नागपूर फ्लाइंग क्लबची, गोंदियाजवळच्या बिरसी तळावरची, चंद्रपूरजवळ मोरव्याच्या धावपट्टीवरची. राज्यात इतरत्र धुळे, शिरपूर, बारामती. हौसेने स्वतःचे विमान उडवणारे खासगी परवानाधारक आपल्याकडे मूठभर आहेत. छोट्या विमानांच्या जगात गर्दी असते ती विद्यार्थ्यांची. खासगी परवान्यासाठी किमान 40 तास उड्डाण लागते, व्यावसायिक परवान्यासाठी 200. वाडीतल्या किंवा दत्तवाडीतल्या एखाद्या मध्यमवर्गीय घरातला मुलगा वैमानिक व्हायचे म्हणतो, तेव्हा हा 200 तासांचा आकडा त्या घराच्या कर्जाचा आकडा ठरवतो. हवेतला प्रत्येक तास पैशांत मोजला जातो. म्हणूनच हे तास कागदावर वाढवण्याचा मोह निर्माण होतो, आणि अचानक तपासणीचे दुसरे मोठे काम सुरू होते.

जानेवारी 2011 मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एक प्रवासी विमान उतरताना त्याचे पुढचे चाक आधी टेकले. विमान उतरवण्याची ही चुकीची आणि धोकादायक रीत. चौकशीत वैमानिकेची परवान्यासाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट निघाली. त्यानंतर डीजीसीएने देशभरातले परवाने तपासायला घेतले आणि आणखी बनावट कागद बाहेर पडले. त्याच वर्षी राजस्थानात न उडवलेले तास उडवल्याचे दाखवणारे प्रकरण तिथल्या भ्रष्टाचारविरोधी विभागाने उघडकीस आणले. एका चाकाच्या चुकीने एवढा मोठा धागा उसवला.

खोटे तास पकडायची पद्धत तशी साधी आहे, पण ती चिकाटीची. एकच उड्डाण पाच-सहा ठिकाणी आपली खूण सोडते: विद्यार्थ्याच्या लॉगबुकात, विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, इंजिनाच्या तासमापकावर, टॉवरच्या नोंदीत, इंधनाच्या पावतीत आणि प्रशिक्षकाच्या हजेरीत. निरीक्षक यातल्या कोणत्याही दोन नोंदी समोरासमोर ठेवतो. लॉगबुकात दीड तास आणि इंधन अर्ध्या तासाचे, किंवा विमान हँगरात उघडून ठेवलेल्या दिवशीच उड्डाणाची नोंद, असे काही दिसले की प्रश्न सुरू होतात. पूर्वसूचना दिलेल्या तपासणीत या सगळ्या वह्या आधी जुळवून ठेवता येतात. न कळवता गेल्यावर त्या जशा आहेत तशा दिसतात. अचानकपणाचे मोल इथेच आहे. नाहीतर तारीख ठरवून केलेली तपासणी अधिक नीटनेटकी झाली असती.

मार्च 2022 मध्ये डीजीसीएने देशातल्या सुमारे 30 प्रशिक्षण संस्थांची विशेष तपासणी सुरू केली. जे सापडले ते वाचून पालकांनी हादरून जावे. धावपट्टीचा पृष्ठभाग उखडलेला. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक फाटका किंवा चुकीच्या मापाचा. इंधन किती उरले हे सांगणारा संवेदक बंद असलेले विमान. उड्डाणाआधीची मद्यचाचणी चुकवणारे विद्यार्थी आणि त्यांचे प्रशिक्षकही. उड्डाणाचे तास फुगवलेले. यातल्या कित्येक गोष्टी लपलेल्या नव्हत्या. फाटका विंडसॉक धावपट्टीवर उभ्या राहिलेल्या कोणालाही दिसतो. तिथे रोज वावरणाऱ्या माणसांच्या डोळ्यांना तो दिसेनासा झाला होता, बाहेरून आलेल्या माणसाला तो लगेच दिसला.

पुढच्याच वर्षी, 2023 च्या ऑक्टोबरात, बारामती परिसरात रेडबर्ड या संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने चार दिवसांत कोसळली. 19 तारखेला एक, 22 तारखेला दुसरे. सहा महिन्यांतल्या अशा अनेक घटनांनंतर डीजीसीएने संस्थेची प्रशिक्षणाची मान्यता स्थगित केली. मग ऑक्टोबर 2025 पासून प्रशिक्षण संस्थांना श्रेणी देण्याची पद्धत सुरू झाली, आणि पहिल्या यादीत एकाही संस्थेला सर्वोच्च दोन श्रेणी मिळाल्या नाहीत. मुलाच्या प्रवेशासाठी लाखो रुपये भरण्याआधी ही यादी पालकांनी पाहावी.

मद्यचाचणीचे एवढे काय, असे कोणी विचारेल. भारतातला नियम कडक आहे: उड्डाणाच्या आधी 12 तास मद्य वर्ज्य, आणि श्वासात अल्कोहोल शून्य. पहिल्यांदा सापडल्यास परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा रद्द. 2023 मध्ये नियम सुधारताना अल्कोहोल असलेले माउथवॉश आणि दातांची जेलही वर्ज्य ठरली, कारण यंत्र तोंडातल्या वाफेचा उगम विचारत नाही. खोकल्याचे औषध घेऊन आलेल्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असले पाहिजे. कडकपणाचे कारण शरीरात आहे: कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या द्रवावर मद्याचा परिणाम नशा उतरल्यानंतरही काही काळ राहतो, आणि ढगात शिरलेल्या वैमानिकाला खाली-वर ओळखण्यात तो दगा देऊ शकतो.

तपासणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एप्रिल 2017 मध्ये गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थेचे विमान वैनगंगेवर आडव्या बांधलेल्या तारेला धडकून कोसळले. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. विमान किती खाली उडवायचे हा निर्णय हवेत होतो. एप्रनवर कितीही काटेकोर रॅम्प चेक झाला तरी तो त्या क्षणापर्यंत पोहोचत नाही. शिस्त लावायची ती प्रशिक्षकानेच.

डीजीसीएचा माणूस निदान विमानातले जाणतो. खासगी विमान आणि हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांना दुसऱ्याही प्रकारच्या तपासणीला तोंड द्यावे लागते, आणि महाराष्ट्राने ती 2024 च्या विधानसभा निवडणुकीत रोज दूरचित्रवाणीवर पाहिली. 11 नोव्हेंबर 2024 ला यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या हेलिपॅडवर निवडणूक यंत्रणेच्या पथकाने उद्धव ठाकरे यांची बॅग तपासली. त्यांनी स्वतः त्याचे चित्रीकरण केले आणि अधिकाऱ्यांना विचारले, इतर पक्षांच्या नेत्यांचीही तपासता का? दुसऱ्या दिवशी लातूर जिल्ह्यात औशाला पुन्हा तपासणी झाली. त्यावर भाजपने देवेंद्र फडणवीस यांची बॅग त्याच यवतमाळ जिल्ह्यात आधीच, 7 नोव्हेंबरला तपासल्याचे चित्रीकरण दाखवले. हिंगोलीत अमित शहा यांचे हेलिकॉप्टर तपासले गेले. राजकारण व्हायचे ते झाले. नियम मात्र सर्व पक्षांना एकच आहे: आचारसंहितेच्या काळात नियमित विमानतळावर सुरक्षा दल आणि प्राप्तिकर खात्याची पथके, आणि हेलिपॅडवर जिल्ह्याचे भरारी पथक, रोकड आणि सोने यांच्यासाठी तपासणी करतात.

या सगळ्या चित्रीकरणात एक माणूस क्वचितच दिसला: वैमानिक. नोव्हेंबरात विदर्भात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. आपल्या नियमांनुसार डोळ्यांनी पाहून करायचे उड्डाण सूर्यास्तानंतर 20 मिनिटांच्या पुढे करता येत नाही. दिवसाला चार-पाच सभा, प्रत्येक सभा लांबलेली, आणि शेवटच्या हेलिपॅडवर पथक उभे. बॅगांची तपासणी 20 मिनिटे चालली तर परत नागपूर गाठण्याचे गणित कोलमडू शकते. अशा वेळी ‘आता नाही जाता येणार, मुक्काम इथेच’ असे नेत्याला सांगण्याची ताकद वैमानिकात हवी, आणि ते ऐकण्याची तयारी नेत्यात हवी. बॅग तपासणे चूक नाही. मतदारांचा तो हक्क आहे. पण पथकातल्या तहसील कचेरीच्या कर्मचाऱ्याला फिरत्या पात्यांच्या जवळ कुठून जायचे नाही हे शिकवलेले असावे, आणि तपासणीचा वेळ उड्डाणाच्या आराखड्यात आधीच धरलेला असावा. शेपटीचा पंखा फिरताना जवळजवळ दिसत नाही. घाईत मागून गेलेल्या माणसाला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

अधिकार आणि जबाबदारी यांची रेष धूसर असली की काय होते, याचे उदाहरण एप्रिल 2019 मध्ये ओडिशातल्या संबलपूरला घडले. पंतप्रधानांच्या हेलिकॉप्टरची तपासणी केल्याबद्दल तिथल्या निवडणूक निरीक्षकालाच आयोगाने निलंबित केले. विशेष सुरक्षा असलेल्या व्यक्तींबाबतच्या सूचना पाळल्या नाहीत, असे कारण दिले गेले. काही दिवसांत प्रशासकीय न्यायाधिकरणाने निलंबनाला स्थगिती दिली. ज्याला तपासायला पाठवले त्यालाच काय तपासायचे हे स्पष्ट नव्हते. मग समोर उभ्या असलेल्या वैमानिकाला ते कुठून कळणार?

अमेरिकेत खासगी विमाने लाखोंच्या घरात आहेत, म्हणून तिथे या प्रश्नाची चर्चा आपल्यापेक्षा फार आधी झाली. तिथली विमान वाहतूक यंत्रणा आपल्या निरीक्षकांना लेखी शिस्त घालून देते: ओळखपत्र दाखवा, मालकाच्या किंवा वैमानिकाच्या परवानगीशिवाय विमानात शिरू नका, बाहेरून दिसते ते पाहा, उड्डाणाला विनाकारण उशीर करू नका. वैमानिकानेही परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र मागताच दाखवायचे. दोन्ही बाजूंना आपापल्या सीमा ठाऊक असल्याने बहुतेक तपासण्या शांतपणे पार पडतात.

गडबड होते ती विमानांशी रोजचा संबंध नसलेल्या यंत्रणा मध्ये आल्यावर. 28 ऑगस्ट 2010 ला जॉन आणि मार्था किंग हे ख्यातनाम दांपत्य कॅलिफोर्नियात सांता बार्बारा इथे उतरले. अमेरिकेतल्या वैमानिकांच्या दोन पिढ्या त्यांच्या शिकवणीच्या चित्रफिती पाहून तयार झाल्या आहेत. उतरताच टॉवरने त्यांना बाजूच्या जागेत जायला सांगितले. तिथे पोलीस बंदुका रोखून उभे होते. दोघांना हात वर करून उतरवले, बेड्या घातल्या आणि वेगवेगळ्या गाड्यांत बसवले. कारण? त्यांच्या सेसना 172 चा नोंदणी क्रमांक आधी, आठ वर्षांपूर्वी चोरीला गेलेल्या एका सेसना 150 चा होता. चोरीची जुनी नोंद कोणी काढली नव्हती. विमानाचे मॉडेल वेगळे, बांधणीचे वर्ष वेगळे. विमान ओळखणाऱ्या कोणालाही एका नजरेत फरक कळला असता. त्यानंतरच्या वर्षांत सीमा सुरक्षा यंत्रणेने देशांतर्गत उड्डाणे करणाऱ्या साध्या वैमानिकांना थांबवून झडती घेतल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा वैमानिकांच्या संघटनेने माहितीच्या कायद्याखाली कागद मागवले, लोकप्रतिनिधींना साकडे घातले, आणि 2014 च्या सुमारास त्या यंत्रणेला आपली रीत बदलावी लागली. सरकारी तपासणीचे नियम नागरिकांच्या रेट्याने सुधारतात, याचा हा चांगला दाखला आहे.

युरोपने वेगळ्या वाटेने धडा घेतला. 6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन प्रजासत्ताकातून जर्मन पर्यटकांना घेऊन निघालेले बोइंग 757 समुद्रात कोसळले; 189 जण मृत्युमुखी पडले. विमान काही दिवस जमिनीवर उभे होते आणि वेग मोजणाऱ्या पिटोट नळ्यांवर झाकणे घातलेली नव्हती. एका नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले असावे, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. नळी बुजली, वेग चुकीचा दिसू लागला, वैमानिक गोंधळले. त्याच वर्षी युरोपीय देशांनी आपल्या विमानतळांवर परदेशी विमानांची अचानक तपासणी करण्याचा संयुक्त कार्यक्रम सुरू केला. दोषांची तीव्रतेनुसार वर्गवारी होते आणि निकाल सर्व सहभागी देशांना कळतात. कुंभारीण आपल्या विदर्भातल्या घरांच्या कोपऱ्यांतही मातीची घरटी करते. हँगरात उभ्या विमानाच्या पिटोट नळीवर लाल फीत लावलेले झाकण आहे की नाही, हे पाहायला निरीक्षकाला एक सेकंद लागतो.

आपल्याकडे निरीक्षक आहेत किती? जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक यंत्रणेने भारताचा सुरक्षा दर्जा खाली आणला, त्यामागे उड्डाण निरीक्षकांची कमतरता हे मोठे कारण होते. पदे भरून, प्रशिक्षण देऊन एप्रिल 2015 मध्ये दर्जा परत मिळवला. पण ऑगस्ट 2025 मध्ये संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालात पुन्हा तेच दिसले: डीजीसीएच्या मंजूर 1,063 पदांपैकी केवळ 553 भरलेली. जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या. एवढ्या मनुष्यबळात मोठ्या विमान कंपन्या सांभाळताना छोट्या धावपट्ट्यांकडे लक्ष कमी जाणारच. अहमदाबादच्या 12 जून 2025 च्या विमान दुर्घटनेनंतर दिल्ली-मुंबईत रात्री-पहाटे तपासण्या झाल्या. घासलेल्या टायरमुळे एक देशांतर्गत उड्डाण रोखावे लागले, धावपट्टीच्या मध्यरेषेचा रंग उडालेला सापडला, सीटखालची जीवरक्षक जाकिटे नीट बसवलेली नव्हती, दुरुस्त केल्याची नोंद असलेले दोष पुन्हा दिसले. दोष दूर करायला सात दिवस दिले. दुर्घटनेनंतर येणारी तपासणी असेच पुष्कळ काही शोधते. ती आधी व्हायला हवी होती, एवढेच म्हणणे आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. देशाच्या मध्यावर बसलेल्या, विमान दुरुस्तीची केंद्रे मिहानमध्ये उभी राहिलेल्या नागपुरात डीजीसीएचे उड्डाण आणि यंत्र या दोन्ही बाजू जाणणारे निरीक्षक कायम नेमावेत. गोंदिया, मोरवा, अमरावतीच्या बेलोऱ्यापर्यंत त्यांनी न कळवता जावे आणि जे सापडले ते संस्थेच्या नावासह जाहीर करावे. निवडणूक पथकांसाठी हेलिपॅडवर कसे वागायचे याची दोन पानी मराठी सूचना जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक मोहिमेआधी वाटावी. आणि वैमानिक होऊ पाहणाऱ्या विदर्भातल्या मुलामुलींनी निरीक्षक समोर आला की आधी त्याचे ओळखपत्र पाहावे, मग आपली फाईल द्यावी, प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत, काय लिहून घेतले त्याची प्रत मागावी. दोष निघाला तर त्या दिवशीचे उड्डाण रद्द करावे.